दुसरा फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यायचाय? अंगठेवाल्याचं जरा ऐका

पुण्यात भाडेकरार सरकारदरबारी नोंदवताना लागणारे मालकाचे आणि भाडेकरूचे अंगठे घ्यायला जो माणूस घरी येतो, तो मी. खांद्याला बॅग, बॅगेत लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम. सिंहगड रोडला छोटंसं ऑफिस आहे, पण दिवसाचा बराचसा वेळ धायरी, नऱ्हे, आंबेगाव, वारजे या पट्ट्यात लोकांच्या डायनिंग टेबलाशी बसून जातो. माझे स्वतःचेही दोन फ्लॅट भाड्यानं दिलेले आहेत, त्यामुळे मालकांची दुखणी मला परकी नाहीत.

मशीनवर अंगठा ठेवता ठेवता मालक हमखास विचारतात, "अहो, अजून एक घ्यावा म्हणतोय, गुंतवणूक म्हणून. घेऊ का?" चहा संपेपर्यंत त्याचं उत्तर देऊन होत नाही, म्हणून इथे लिहितोय. थोडक्यात माझं म्हणणं असं, की छोट्या घरमालकाच्या हातात पैसा उरतो तो भाडं ताणून नाही, घर रिकामं पडू न दिल्यानं आणि कागद वेळच्या वेळी केल्यानं.

आधी वहीत मांडा

धायरीतला दोन बेडरूमचा, सात-आठ वर्षं जुना फ्लॅट धरू. करारात किंमत ६२ लाख. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ३४ हजार. नोंदणी फी ३० हजार. ब्रोकरचा एक टक्का, ६२ हजार. पंखे, ट्यूब, गीझर, खिडक्यांना जाळ्या, बाल्कनीला ग्रिल, रंग हे सगळं दीड लाखात बसलं तर नशीब. बेरीज झाली ६८ लाख ७६ हजार. लोक मनात ६२ धरून बसतात आणि वरचे पावणेसात लाख "ते काय, होतातच" म्हणून सोडून देतात.

आता भाडं धरा महिना २० हजार, वर्षाचे २ लाख ४० हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना २,८०० म्हणजे ३३,६०० गेले. मिळकतकर धरा १४ हजार. वर्षात पंधरा दिवस तरी घर रिकामं राहतं, त्याचे १० हजार. नवा भाडेकरू आणला की ब्रोकरला अर्धा महिना, आणखी १० हजार. गळती, मोटर, नळ, फ्लश यांचे १५ हजार. हातात राहिले १ लाख ५७ हजार ४००, म्हणजे ६८ लाख ७६ हजारांवर सव्वादोन टक्क्यांच्या जरा वर. बँकेतली एफडी याहून जास्त देते आणि तिचा फ्लश कधी गळत नाही.

कर्ज काढलंत तर हिशोब आणखी बोचतो. ४५ लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण ३९ हजार बसतो. भाडं वीस हजार. म्हणजे दर महिन्याला एकोणीस हजार पगारातून, वर मेंटेनन्स तुमचाच. "भाड्यात हप्ता निघेल" असं कुणी म्हणालं तर त्याला कागद-पेन द्या आणि काढून दाखवायला सांगा.

मग मी स्वतः का घेतले? भाव वाढेल ही आशा आहेच, पण ती आशाच, ती वहीत मांडू नका. दुसरं म्हणजे हप्ता लागला की पैसा आपोआप बाजूला पडतो, नाहीतर आमच्या घरात तो राहिला नसता. आणि तिसरं, म्हातारपणी भाडं सुरू राहतं. ही कारणं तुम्हाला पटत असतील, हप्ता जाऊनही घरखर्चाला ओढ लागत नसेल आणि निदान दहा वर्षं विकायची वेळ येणार नसेल, तर घ्या. भाच्यानं घेतला, शेजाऱ्यानं घेतला म्हणून घेऊ नका.

एक बचत मात्र सरळ हातात आहे. घर फक्त बायकोच्या, आईच्या किंवा मुलीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. वरच्या उदाहरणात बासष्ट हजार. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर मिळत नाही. पूर्वी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये निघाली. अर्थात कर्ज कुणाच्या पगारावर मिळतंय आणि कर कोण भरणार, हेही त्याबरोबर बघावं लागतं.

घर बघायचं तर मे महिन्यात

भाडेकरूच्या नजरेनं घर बघायला शिका. तुम्हाला व्हिट्रिफाइड टाइल्स दिसतात, त्याला बस स्टॉप दिसतो. ऑफिस किती लांब, मुलांची शाळा कुठली, टू-व्हीलर लावायला सावलीत जागा आहे का, कामवाली बाई या सोसायटीत येते का, हे तो बघतो. तिसऱ्या मजल्यावर बिनालिफ्टचं घर स्वस्त मिळतं, पण ते भाड्यानं जायलाही तितकंच अवघड.

आणि पाणी. पुण्याच्या कडेकडेच्या भागांत उन्हाळ्यात सोसायट्या टँकरवर चालतात. जानेवारीत तीन हजार असलेला मेंटेनन्स मेमध्ये टँकरचे वेगळे पैसे धरून कुठल्या कुठे जातो. सेक्रेटरीला विचारलंत तर तो म्हणेल, "अधूनमधून येतो एखादा." वॉचमनला विचारा. टँकर आत घेऊन पाइप लावण्याचं काम तोच करतो, त्याला आकडा पाठ असतो.

बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर तळापासून वीतभर उंचीवर हात फिरवा. पापुद्रे आले असतील किंवा नुकताच तेवढ्याच पट्ट्यात रंग मारला असेल, तर आत ओल आहे. वरच्या घरातून गळत असेल तर ते प्रकरण वरच्या मालकाच्या मर्जीवर अवलंबून असतं, आणि वरचा मालक बहुधा बंगळुरूला असतो.

कागद

भाड्यानं द्यायचं पहिलं घर रिसेलचं, म्हणजे आधीच्या मालकाकडून, राहत्या सोसायटीतलं घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. जीएसटी नाही, ताबा लगेच, भाडं पुढच्या महिन्यापासून सुरू. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी बसतो, ४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घरांना १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मिळाल्यानंतर विकलेल्या घराला तो नाही.

रिसेलमध्ये इतकं हातात घेतल्याशिवाय टोकन देऊ नका: आधीच्या सगळ्या खरेदीचे करार इंडेक्स टूसकट (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बाकी नसल्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची आणि महावितरणची शेवटची पावती. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र. मग वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी कुणाकुणाकडे होती आणि बोजा आहे का याची तपासणी. नोंदणी विभागाच्या साइटवर आपणही दस्त शोधू शकतो, पण वकिलाचे आठ-दहा हजार इथे वाचवू नका.

सोसायट्या हस्तांतर फीच्या नावाखाली काय वाटेल ते मागतात. महापालिका क्षेत्रात तिची कमाल मर्यादा २५ हजार आहे. "बिल्डिंग फंडाला स्वेच्छा देणगी" म्हणून लाखभर मागितले तर ती स्वेच्छा तुमची असते, त्यांची नाही. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस (त्याच्या नावानं आधीच कापून सरकारला भरायचा कर) कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची. विकणारा परदेशात राहणारा असेल तर हा एक टक्का चालत नाही, कापायची रक्कम कितीतरी मोठी असते. तिथे सीएला विचारल्याशिवाय एक रुपया हलवू नका.

नवीन बांधकामच हवं असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचा नंबर टाका. पूर्ण करायची तारीख किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर कर्ज किंवा दावा आहे का, किती घरं विकली गेली, सगळं तिथे असतं. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायला बिल्डरला बंदी आहे. आणि जो बिल्डर "ताबा मिळेपर्यंत दरमहा खात्रीचं भाडं" देतो, तो ते भाडं तुमच्याच पैशातून देतो.

गुंठ्यांबद्दल लोक फार विचारतात. "काका, पाच लाखांत एक गुंठा मिळतोय, रस्त्याला लागून." नोटरीवरचा कागद किंवा कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) म्हणजे मालकी नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच स्वच्छ सांगितलंय. सातबाऱ्यावर तुमचं नाव स्वतंत्र लागणार नसेल तर तो गुंठा घेऊ नका. नवख्यांसाठी यापुढे बोलायची गरजच नाही.

भाडेकरू कोण हवा

सोसायटीवाले सांगतात, "फॅमिलीच द्या, बॅचलर नको." आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, बॅचलरला घर देऊ नये असं कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या एका फ्लॅटमध्ये तीन नोकरदार मुली राहतात आणि मेंटेनन्सची तक्रार असो की पाण्याची, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात सभ्य भाषेत त्याच लिहितात. आडनाव, जात, जेवण यावरून भाडेकरू निवडणाऱ्या मालकांचे अंगठे मी घेतो, कारण धंदा आहे. पण त्यांचीच घरं दोन-दोन महिने रिकामी असतात हेही बघतो.

बघायचं ते वेगळंच. पगार भाड्याच्या तिप्पट तरी आहे का? कंपनीचं ओळखपत्र आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागायला लाजू नका. आधीच्या घरमालकाचा नंबर घ्या आणि फोन कराच. सध्याचा मालक खोटं बोलू शकतो, त्याला हा माणूस जायला हवा असतो. त्याच्या आधीचा मालक खरं सांगतो.

घर रिकामं आहे अशी जाहिरात टाकली की पहिल्या तासातच एक फोन येईल. "सर, मी आर्मीत आहे, पुण्याला बदली झालीय, घर न बघता फायनल करतो, ॲडव्हान्स पाठवतो." मग तो क्यूआर कोड पाठवेल आणि स्कॅन करायला सांगेल. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. फोन ठेवा, नंबर ब्लॉक करा.

आता भाड्याच्या आकड्याबद्दल. समजा बाजारात वीस चाललंय. तुम्ही एकवीस धरून बसलात आणि घर महिनाभर रिकामं राहिलं. गेलेले वीस हजार महिन्याला एक हजाराप्रमाणे भरून यायला वीस महिने लागतात, आणि अकरा महिन्यांत तर भाडेकरू निघूनही जाईल. म्हणून बरा माणूस साडेएकोणीस म्हणत असेल तर हो म्हणा. वाढही तशीच. वर्षाला पाच टक्के ठरवा, आधी लिहा आणि पुढे माणूस चांगला निघाला तर कधी वाढ सोडूनही द्या. तो राहिला तर ब्रोकर वाचतो, रंग वाचतो, रिकामा महिना वाचतो.

करार, आणि अकरा महिन्यांची अफवा

"अकरा महिन्यांचा करार आहे, मग रजिस्टर कशाला? नोटरी पुरे की." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर झोपेतही देईन. वर्षाहून कमी मुदतीचा भाडेपट्टा नोंदवायची सक्ती नाही, हा केंद्राच्या नोंदणी कायद्यातला नियम. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे, आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच. जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कैदेपेक्षा जास्त घाबरावं असं त्यात पुढे आहे: वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. तो म्हणाला, भाडं वीस नाही बारा ठरलं होतं, तर खोटं पाडायचं काम तुमचं.

नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या नेहमीच्या भाडेकराराचा, फायदा उलट बाजूनं बघा. मुदत संपल्यावर माणूस हलला नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं फिरावं लागत नाही. मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दरानं भरपाई मागता येते. आणि करारात लिहिलंय तेच तिथे निर्णायक पुरावा मानलं जातं. म्हणूनच करारात काय लिहिलंय ते वाचा हो! अंगठा देताना मालक मोबाइल बघत असतात.

खर्च किती, ते ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. एकूण भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवरचं दहा टक्के दरानं धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. वीस हजार भाडं, साठ हजार डिपॉझिट, अकरा महिने: २ लाख २० हजार अधिक साधारण सहा हजार, त्याचा पाव टक्का म्हणजे ५६५ रुपये. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. वर आमची फी. एका पिझ्झा पार्टीच्या पैशात तुमचं साठ लाखांचं घर सुरक्षित होतं आणि त्यावरही लोक घासाघीस करतात.

माझा धंदा कमी होईल, तरी सांगतो. माणूस पटला असेल तर करार अकरा महिन्यांचा करू नका, चोवीस महिन्यांचा करा. साठ महिन्यांपर्यंत करता येतो. दुसऱ्या वर्षाचं भाडं त्यातच लिहा. दर अकरा महिन्यांनी फी, अंगठे आणि "नूतनीकरणाची" दलाली हे सगळं टळतं. एक महिन्याची नोटीस दोन्हीकडून ठेवा, म्हणजे कुणीच अडकत नाही.

अटींमध्ये मी आग्रहानं चार-पाच गोष्टी घालायला लावतो. किमान मुदत किती, सहा महिने की अकरा. मेंटेनन्स कुणी भरायचा. छोटी दुरुस्ती कुठपर्यंत भाडेकरूची. मी पाचशे रुपयांपर्यंत लिहितो, वरची मालकाची. कोण कोण राहणार त्यांची नावं. आणि रंग. डिपॉझिटवरून होणारी भांडणं बहुतेक रंगावरूनच होतात. गेल्या वर्षी एका टेबलावर मालकानं एका महिन्याचं पूर्ण भाडं रंगासाठी कापायचं काढलं. भिंतींवर होतं काय, तर दोन खिळे आणि लहान मुलानं सोफ्याच्या उंचीवर काढलेल्या पेन्सिलच्या रेघा. भाडेकरूची बायको तिथेच खोडरबर घेऊन बसली. निम्म्या रेघा गेल्या, मालकाचा चेहरा उतरला आणि आकडा चार हजारांवर आला. हे टाळायचं तर रंगाची रक्कम पहिल्याच दिवशी करारात लिहा, किंवा रंगाचं काहीच कापणार नाही असं लिहा. दोन्ही चालतं. न लिहिलेलं चालत नाही.

अंगठ्याचं एक व्यावहारिक. आजी-आजोबा मालक असतील तर त्यांच्या बोटांवरच्या रेषा भांडी घासून, शेतात राबून झिजलेल्या असतात, मशीन घेत नाही. ओल्या फडक्यानं बोट पुसा, थोडं खोबरेल लावून टिपून काढा, नाहीतर दुसरं बोट देऊन बघा. आधारला मोबाइल नंबर जोडलेला आहे का, ते आदल्या दिवशीच तपासा. दोन साक्षीदारही आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी वॉचमनला वर बोलवावं लागतं.

करार झाला की भाडेकरूची माहिती पोलिसांच्या साइटवर भरून पावती घ्या. माहिती न देणाऱ्या मालकावर पोलिस आयुक्तांच्या आदेशाचा भंग केला म्हणून गुन्हा दाखल होऊ शकतो. भाडेकरूनं काही केलं तर तुम्हाला काही माहीत नव्हतं हे मग कोण ऐकतो? पावती आणि कराराची प्रत सोसायटीला द्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून ते बिनभोगवटा शुल्क लावतील. त्याची मर्यादा सेवा शुल्काच्या १० टक्के आहे, महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. महिना हजार-दोन हजार लावत असतील तर १ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय दाखवा. भांडू नका, फक्त कागद पुढे करा.

किल्ली देताना

किल्ली देण्याआधी अर्धा तास घरात फिरून मोबाइलवर व्हिडिओ करा, भाडेकरू सोबत असताना. प्रत्येक नळ सोडून बंद करा. कमोडचा फ्लश ओढा. सिंकखाली कोरडं आहे हे दाखवा. गीझर चालू करून लाल दिवा लागलेला दाखवा. पंखे पाचवर फिरवा. किचनच्या ट्रॉल्या ओढा, त्यातली एक नक्की घासत असते. मीटरचं रीडिंग, गॅसच्या मीटरचं रीडिंग, दोन्हीचे फोटो. किती किल्ल्या दिल्या ते मोजून लिहा. लॅचच्या तीन, सेफ्टी डोअरच्या दोन, लेटर बॉक्सची एक. मग तो व्हिडिओ त्याच व्हॉट्सॲपवर त्याला पाठवा, तारखेसकट राहतो.

भाडं बँकेतच घ्या. रोख घेऊन "करात दाखवायचं नाही" असा विचार असेल तर सोडा. भाडेकरू पगारदार असेल तर घरभाड्याच्या करसवलतीसाठी कंपनीत वर्षाला लाखाहून जास्त भाडं दाखवताना घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. तो तिकडे दाखवणार आणि तुम्ही लपवणार, हे जमत नाही. तसाही कर फार नसतो. वरच्याच उदाहरणात २ लाख ४० हजारांतून भरलेला मिळकतकर १४ हजार वजा, उरलेल्याचे सरसकट ३० टक्के म्हणजे ६७,८०० वजा, राहिले १ लाख ५८ हजार २००. त्यातून कर्जाचं व्याज वजा होतं. मेंटेनन्स आणि रंग वेगळे मागता येत नाहीत, ते त्या ३० टक्क्यांत आलं. एक ध्यानात ठेवा: नव्या कर पद्धतीत व्याज भाड्यापुरतंच वजा होतं, उरलेला तोटा पगारातून कमी करता येत नाही. ज्यांनी जुन्या पद्धतीतली दोन लाखांची सवलत मनात धरून घर घेतलं, त्यांचा हिशोब इथे चुकतो.

पुणेकरांसाठी आणखी एक. स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, भाड्यानं दिलं की ती जाते. म्हणून विकणाऱ्याचं जुनं बिल बघून अंदाज बांधू नका, तो स्वतः राहत असेल.

परदेशातल्या मालकांचे फोन मला रात्री अकरानंतर येतात. आधार नसेल तर करार कुलमुखत्यारपत्राद्वारे करावा लागतो. तिकडे वकिलातीत किंवा नोटरीपुढे केलेलं ते पत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. आणि भाडेकरूनं अशा मालकाला भाडं देताना टीडीएस कापायचा असतो, साधारण ३१.२ टक्के. भाडं पाच हजार असो की पन्नास. हे आधीच सांगा, नाहीतर दोन वर्षांनी नोटीस भाडेकरूला येते आणि तो तुमच्या वतीनं सही केलेल्या भावाच्या दारात उभा राहतो.

दुरुस्तीला उशीर करू नका. फोन आल्याच्या दिवशी प्लंबरचा नंबर पाठवा आणि पैसे तुम्ही द्या. नळाला तीनशे रुपये लागतात. तीन आठवडे टाळलंत तर भाडेकरू दुसरं घर शोधायला लागतो.

भाडं थकलं तरी लाइट-पाणी तोडू नका, कुलूप बदलू नका. गरजेच्या सोयी तोडणं कायद्यानं गुन्हा आहे आणि तुमची बाजू बरोबर असूनही पोलिस स्टेशनात तुम्हीच बसाल. थकलेलं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं आणि डिपॉझिट संपायच्या आत लेखी नोटीस द्यायची. म्हणून डिपॉझिट तीन महिन्यांचं घ्या आणि ते खर्चू नका. मी वेगळ्या एफडीत ठेवतो.

भाडेकरू जाताना महावितरणचं आणि गॅसचं बिल त्या दिवसापर्यंतचं काढा, सोसायटीत त्याच्या नावावर काही बाकी आहे का विचारा, पहिल्या दिवशीचा व्हिडिओ उघडून त्याच्यासोबत पुन्हा तेवढंच फिरा. कापायचं ते समोर कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि उरलेलं डिपॉझिट किल्ल्या मोजून घेता घेता त्याच्या खात्यात पाठवा. "पंधरा दिवसांत करतो" म्हणू नका. त्याला नव्या घराचं डिपॉझिट त्याच संध्याकाळी भरायचं असतं, आणि तुमच्या घरासाठी पुढचा माणूसही बहुधा त्याच्याच ऑफिसातून येणार असतो.